पहिल्या वर्षाची ॲनाटॉमी: थ्रीडी ॲप घ्यावं की हाडं?

एमबीबीएसच्या पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, "सर, थ्रीडी ॲपचं सबस्क्रिप्शन घेऊ का?" माझं उत्तर ठरलेलं: आधी सीनियरकडून बोन सेट, म्हणजे हाडांचा संच मिळवा. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाड हातात येतं आणि पहिला प्रश्न असतो, उजवं की डावं? ॲपमध्ये हाडावर टिचकी मारली की ते लिहूनच येतं. ओळखायची वेळच येत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात पेल्व्हिसवर (कंबरेच्या हाडांवर) असा प्रयोग झाला, तेव्हाही स्क्रीनवर शिकलेल्यांपेक्षा प्लॅस्टिकचं मॉडेल हाताळणारे सरस ठरले.

ॲपचे पैसे वसूल होतात ते हेड-नेकमध्ये, म्हणजे डोकं-मानेच्या भागात. टेरिगोपॅलाटाइन फॉसा म्हणजे मॅक्सिलाच्या (वरच्या जबड्याच्या हाडाच्या) मागे दडलेली चिंचोळी फट. डिसेक्शनमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकताना, तिथवर पोचायला आजूबाजूचं हाड फोडावं लागतं, आणि फोडलं की कशाच्या मागे काय होतं तेच कळेनासं होतं. ॲपच्या मॉडेलमध्ये मॅक्सिला पुसट करा, मागचं स्फिनॉइड हाड तेवढं ठेवा. त्यातल्या फोरामेन रोटंडम या छिद्रातून येणारी मॅक्सिलरी नर्व्ह समोर. बिघडलं तर सगळं पुन्हा जागेवर. मेंदूच्या व्हेंट्रिकल्सचंही (आतल्या पोकळ्यांचंही) तेच.

काखेत मात्र ॲप फसवतं. स्क्रीनवर आर्टरी लाल, व्हेन निळी, नर्व्ह पिवळी. फॉर्मॅलिनमधल्या बॉडीत सगळंच मातकट, वर चरबी. तिथे बोटांवर भिस्त: आर्टरी चिमटीत दाबली की पोकळ लागते, नर्व्ह भरीव दोरीसारखी. ब्रेकियल प्लेक्ससचा, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याचा, 'एम' आकार चरबीतून मोकळा करायला आम्हाला दोन दुपारी लागल्या होत्या. ॲपवर तो लगेच दिसतो, म्हणूनच बहुधा लगेच विसरतो.

शिवाय मॉडेल म्हणजे एकच शरीर. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये खुला केलेला 'व्हिजिबल ह्यूमन' पुरुष घ्या. गोठवलेल्या देहाचे एकेक मिलिमीटरचे काप, त्यावरून कितीतरी मॉडेल्स बनली. आणि त्या माणसाचं अपेंडिक्स आधीच काढलेलं! डिसेक्शन हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर पायाकडे जाणारी सायाटिक नर्व्ह कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूच्या वरच दुभंगलेली सापडते. परीक्षक नेमकं असलंच काहीतरी विचारतात.

झेड-ॲनाटॉमी हे थ्रीडी ॲप फुकट आहे, आधी त्यावर हात बसवा. तुमच्या टेबलाभोवती वीस-पंचवीस जण असतील आणि तुम्ही तिसऱ्या रांगेत, तर सबस्क्रिप्शन जरूर घ्या. तेही हेड-नेक सुरू होईल त्या महिन्यापासून.