जुगाराचं व्यसन मोजायचं कसं : सॉग्ज की पीजीएसआय?

1987 मध्ये आलेली सॉग्ज (साउथ ओक्स गॅम्बलिंग स्क्रीन) ही 20 गुणांची चाचणी मुळात रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांसाठी होती. त्यातले 9 गुण एकाच गोष्टीचे: जुगारासाठी पैसे कुठून उचलले? घरखर्चातून, नातेवाइकांकडून, सावकाराकडून... 5 गुण झाले की माणूस बहुधा व्यसनी. मूळ प्रश्न आयुष्यभराचे, त्यामुळे ती सर्वेक्षणात वापरली तर वीस वर्षांपूर्वी सावरलेला माणूसही आजच्या व्यसनींच्या आकड्यात धरला जातो. मला हा अन्याय वाटतो.

2001 मध्ये कॅनडात आलेली पीजीएसआय (प्रॉब्लेम गॅम्बलिंग सिव्हेरिटी इंडेक्स) ही चाचणी सर्वसामान्य लोकसंख्येसाठीच बनवलेली. प्रश्न 9, काळ फक्त गेले 12 महिने. ‘हरलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा खेळायला गेलात का?’ याचं उत्तर नुसतं हो-नाही नसतं. ‘कधीच नाही’ला 0, ‘जवळजवळ नेहमी’ला 3. एकूण 8 किंवा जास्त म्हणजे समस्या गंभीर. पण त्याखालचे, घसरणीला लागलेलेही दिसतात, आणि मदत वेळेवर पोहोचवायची ती त्यांनाच. सर्वेक्षणासाठी मी पीजीएसआयच निवडेन.

मात्र किती लोक खेळतात हे दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी लॉटरी, पत्ते, ऑनलाइन सट्टा असं एकेक नाव घेऊन विचारावं लागतं. लॉटरीच्या तिकिटाला कित्येक जण जुगार समजतच नाहीत.