चाळीस टक्के सवलतीची जिम मेंबरशिप: सहा महिन्यांचा माझा हिशेब

गेल्या दसऱ्याच्या सुमाराला माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१. डॉक्टरांनी ५.७ ते ६.४ या आकड्यांखाली पेनानं रेघ ओढली आणि म्हणाले, "तुम्ही इथं आहात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गोळी नको आत्ता, तीन महिने देतो. चालणं ठेवाच, पण मांड्यांत आणि पाठीत ताकद आणा." माझं वय ४६. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, साडेनऊ ते सहा खुर्चीत. घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. चालायला रंकाळा आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, तिथं कुणी पैसे मागत नाही. वजनं उचलायची म्हटल्यावर मात्र जिम शोधणं आलं.

त्याच आठवड्यात आमच्या एचआरनं सगळ्यांना एका सवलत योजनेची लिंक पाठवली. वर्षाचे १,४९९ रुपये त्या योजनेला भरायचे, की यादीतल्या कुठल्याही जिमच्या वार्षिक मेंबरशिपवर ४० टक्के सूट. आपल्या गावातल्याही काही जिम यादीत होत्या आणि त्यातली एक माझ्या घरापासून स्कूटरवर पाच मिनिटांवर. योजनेचं आणि जिमचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशा योजना बऱ्याच आहेत आणि हिशेब जवळपास सगळीकडे असाच लावावा लागतो, म्हणून तो हिशेबच लिहिते. मैत्रिणी, नणंदा, ऑफिसातल्या पोरी, सगळ्या विचारतात, "घेऊ का गं?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिलेलं बरं.

काउंटरवर बसलेल्या मुलीनं लॅमिनेट केलेलं रेटकार्ड माझ्यापुढं फिरवलं. वार्षिक १५,०००. त्याखाली बारीक अक्षरात 'अधिक १८ टक्के जीएसटी'. तिनं मोबाइलवर माझा योजनेचा नंबर टाकला आणि कॅल्क्युलेटरवर ९,००० करून दाखवले. सहा हजार वाचले, असंच मला त्या क्षणी वाटलं. पण जीएसटीच्या त्या ओळीवर मी अडले, कारण दर महिन्याला विवरणपत्रं भरायचं कामच माझं. जिमच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. कार्ड जुनंच राहिलं होतं. नऊ हजारांवर १८ टक्क्यांनी १,६२० होतात, ५ टक्क्यांनी ४५०. सरळ १,१७० रुपयांचा फरक. मॅनेजरना दाखवल्यावर त्यांनी लगेच दुरुस्त केलं, वाद घातला नाही. पण माझ्या आधी त्या आठवड्यात किती जणींनी १८ टक्क्यांनी भरले असतील, हे मनात राहिलंच. बिल मागा, त्यावर जीएसटी नंबर आहे का बघा. ज्यांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे त्यांना नोंदणीच लागत नाही. तशी छोटी जिम असेल आणि नंबर नसेल, तर तिला जीएसटी लावताच येत नाही.

तर माझे गेले असे. मेंबरशिप ९,०००, जीएसटी ४५०, जिमची नोंदणी फी ५००, योजनेचे १,४९९. एकूण ११,४४९.

सोमवारी, ६ ऑक्टोबरला, ऑफिसातून घरी येऊन चहा घेतला आणि पावणेसातला जिममध्ये पोचले. दारातल्या मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून परत ठेवला, परत लाल. मागं पाच-सहा जण उभे. काउंटरवरची मुलगी उठून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, योजनेच्या मेंबरना सकाळी दहा ते संध्याकाळी पाचच एंट्री आहे. फुल टाइम हवं असेल तर हजार रुपये भरावे लागतील." नोकरी करणाऱ्या बाईला दहा ते पाचचा काय उपयोग? मला त्या दारात उभं राहून खरंच वाईट वाटलं. पैसे भरले त्या दिवशी हे कुणीही सांगितलं नव्हतं, योजनेच्या पानावर तर 'सर्व वेळ प्रवेश' असं ठळक लिहिलेलं. हजार भरले, कारण घरी परत गेले असते तर पुन्हा आले नसते, हे मला माहीत होतं.

त्या रात्रीच मी योजनेच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आणि त्यांना मेल केला. आठ दिवस उत्तर नाही, मग 'अटी व शर्ती लागू' एवढंच. तेव्हा १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली, स्क्रीनशॉट आणि पावती मागून घेतली आणि ती कंपनीकडं पाठवली. तीन आठवड्यांनी माझ्या खात्यात हजार रुपये परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. एक हजारासाठी एवढं कशाला, असं घरात म्हणाले. पण माझ्या पगारातले ते हजार आहेत आणि मला खोटं सांगून ते घेतले होते.

आता मुख्य गोष्ट. नोव्हेंबरात एकदा माझ्या शेजारच्या ट्रेडमिलवर उजळाईवाडीच्या एक वहिनी होत्या. बोलता बोलता त्यांना विचारलं, कितीला घेतलं? "मी तर थेट काउंटरवर गेलो, दिवाळीच्या आधी. दहा हजारात दिलं की. सगळं धरून." सगळं धरून म्हणजे जीएसटी त्यातच, नोंदणी फी माफ, वेळेचं बंधन नाही. मी मॅनेजरना विचारलं, त्यांनीही नाकारलं नाही. पंधरा हजारांचा बोर्डावरचा रेट क्वचितच कुणी भरतं. दसरा-दिवाळी, नवीन वर्ष, पाडवा, काही ना काही चालूच असतं, आणि काही नसलं तरी समोर बसून विचारलं की दर खाली येतो. मला ४० टक्के सूट मिळाली ती त्या पंधरावर. दहावर धरली तर सूट एक हजाराची, आणि ती मिळवायला मी योजनेला १,४९९ दिले, वर जीएसटी आणि नोंदणी फी वेगळी. सूट घेऊन मी वहिनींपेक्षा १,४४९ रुपये जास्त भरले. ताळेबंद जुळवणाऱ्या बाईनं आधी काउंटरवरचा खरा भाव विचारायला हवा होता, आणि तेवढंच मी विचारलं नाही. याची रुखरुख अजून आहे.

सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. त्यांचं तरुणपण मंगळवार पेठेतल्या तालमीत गेलेलं. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेल्या लाल मातीत त्यांनी जोर-बैठका मारल्या, १९१२ सालच्या त्या खासबाग मैदानात कुस्त्या बघितल्या. म्हणाले, "वस्तादानं कधी वर्षाचं पैसं आगाऊ मागितलं न्हाईत. पोरगं आलं न्हाई तर घरला माणूस धाडायचा." ते माझ्या मनात फार खोल गेलं. आता बऱ्याच तालमींत मशीनंही आली आहेत आणि गल्लीतल्या पोरांना तिथं जिमपेक्षा कितीतरी कमी पैशांत व्यायाम होतो. तुम्ही पुरुष असाल आणि पेठेत राहत असाल, तर कुठलीही सवलत योजना बघण्याआधी तालमीत जाऊन या. आम्हा बायकांना तो दरवाजा अजून फारसा उघडा नाही. माझ्यासारखीला लेडीज बॅच, बाई ट्रेनर आणि उजेडातलं पार्किंग लागतं, आणि त्याचे पैसे पडतात. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि या जिममध्ये ते मिळालं, हेही सांगायलाच हवं. आमची ट्रेनर जेमतेम पंचविशीची, पण नजर तिखट. पहिल्या आठवड्यात मी बैठक मारली की गुडघे आत वळायचे आणि टाचा उचलायच्या. तिनं माझ्यामागं बुटका लाकडी स्टूल ठेवला, हातात झाडूचा दांडा देऊन तो पाठीवर आडवा धरायला लावला. "ताई, खाली बघू नका. स्टूल मागंच आहे. त्याला नुसतं टेका आणि उठा." दहा वेळा टेकून उठले. दुसऱ्या आठवड्यात स्टूल थोडा पुढं, मग त्याहून बुटका, मग स्टूल गेला. जानेवारीत दांड्याच्या जागी लोखंडी बार आला, नुसताच, बाजूला एकही प्लेट नाही, तरी तो २० किलोचा. तो खांद्यावर घेऊन पाच बैठका झाल्या तेव्हा तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. जानेवारीतच रिपोर्ट केला, ५.८. यात चालण्याचा आणि भात कमी केल्याचा वाटा आहेच, पण मी तिचे उपकार मानते. योजनेच्या जाहिरातीत या मुलीचा कुठं उल्लेख नाही. घेण्यासारखं जे काही होतं ते तिच्याकडं होतं.

मी कॅलेंडरवर गेलेल्या दिवसांना बरोबरची खूण करते. ऑक्टोबर १७, नोव्हेंबर १४, डिसेंबर १३, जानेवारी ५, फेब्रुवारी १२, मार्च ११. सहा महिन्यांत ७२ दिवस. याच चालीनं वर्षाचे १४४ धरले तर मला एका दिवसाला साधारण ८० रुपये पडतात, वहिनींइतकेच पैसे भरले असते तर ७० च्या आत पडले असते. इथलं तीन महिन्यांचं पॅकेज ३,५०० चं आहे. दोन वेळा घेतलं असतं तर सहा महिन्यांचे ७,०००, म्हणजे दिवसाला ९७. वर्षाचं स्वस्त दिसतं, आणि जाणाऱ्याला ते स्वस्त आहेच. पण आमच्या बॅचला ऑक्टोबरात माझ्याबरोबर अकरा जणी आल्या होत्या, मार्चअखेर चौघी उरल्या. सोडून गेलेल्या सात जणींना तिमाहीच परवडली असती. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाच्या मुलाची दहावी, एकीची बदली सोलापूरला झाली. आळसानं गेली असं एकीलाही म्हणवत नाही.

जानेवारीत माझे पाचच दिवस का, तर गडहिंग्लजला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी १८ दिवस तिच्याजवळ होते. जिमच्या थेट मेंबरना वर्षात पंधरा दिवस मेंबरशिप थांबवता येते. योजनेच्या मेंबरना नाही. म्हणजे ते दिवस बुडाले. फ्रीजची, म्हणजे मेंबरशिप मधेच थांबवण्याची, अट आपल्या गावात तर बघून घ्यायलाच हवी. २०१९ ला ऑगस्टमध्ये आणि २०२१ ला जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरलं होतं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता, मला ऑफिसला जाता येत नव्हतं. तळमजल्यावरची जिम असेल तर अशा पंधरवड्यात ती उघडणार नाही. त्या दिवसांचं काय, हे सही करायच्या आधी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं मॅनेजर बदलला की संपतं.

योजना कुणाच्या कामाची आहे, तेही बघितलंय. माझा भाचा औषध कंपनीत एमआर आहे, महिन्यातले बारा-पंधरा दिवस सांगली, सातारा, पुणे. त्याच योजनेत बाहेरगावच्या जिममध्ये महिन्याला आठ वेळा फुकट जाता येतं, तेही कुठल्याही वेळी. लॉजवर बॅग टाकली की तो जवळची जिम शोधतो. वर्षाकाठी १,४९९ मध्ये त्याचे नव्वदच्या वर दिवस होऊ शकतात. त्यानं कोल्हापुरात वार्षिक मेंबरशिप घेतलेलीच नाही, इथं असला की तालमीत जातो. त्याला ही योजना सोडू नको असंच मी सांगितलं.

रोज त्याच गावात, त्याच वेळेला, एकाच जिमला जाणाऱ्या बाईला मी योजना घे म्हणणार नाही. व्यायामाला नवीन असाल तर तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, थेट काउंटरवर. आठवड्याला दोन दिवस वजनं आणि दीडशे मिनिटं भरभर चालणं एवढं प्रौढ माणसाला जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालणं रंकाळ्यावर होतं, म्हणजे जिमचे दोन-तीनच दिवस लागतात. तेवढे दिवस तीन महिने सलग गेलात, की मग वर्षाचं बोला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी धाकट्या जावेला घेऊन गेले. तिलाही एचआरकडून तसलीच एक लिंक आली होती. आम्ही आधी रिसेप्शनवर बसून बोर्डावरचा नाही, आजचा भाव विचारला. तिमाही ३,५०० वरून ३,२०० वर आली, जीएसटी धरून, नोंदणी फी नाही. मग संध्याकाळी सातची वेळ आणि आठ दिवस फ्रीज, दोन्ही पावतीच्या मागं पेनानं लिहून घेतलं, खाली मॅनेजरची सही. सोमवारी सात वाजता तिनं मशीनवर अंगठा ठेवला तेव्हा मी मागंच उभी होते. हिरवा दिवा लागला. आत ट्रेनरनं तो लाकडी स्टूल ओढून आणला आणि जावेच्या मागं ठेवला.