जज ड्रेड : द कम्प्लीट केस फाइल्स ०५ – शहर रचायला शिकवणारा खंड

स्वतःचं भविष्यातलं कथाविश्व रचायचं असेल, किंवा सरावासाठी जज ड्रेडच्याच विश्वात एखादी कथा लिहून पाहायची असेल, तर केस फाइल्सची सुरुवात पहिल्या खंडापासून करू नका. पाचवा घ्या. पहिल्यात शहर अजून ठरायचंच आहे, पाचव्यात ते इतकं पक्कं झालंय की लेखक ते निर्धास्तपणे मोडायला काढतात.

ज्यांचा ड्रेडशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. '२००० एडी' हे ब्रिटिश कॉमिक्स साप्ताहिक २६ फेब्रुवारी १९७७ला सुरू झालं आणि दुसऱ्याच अंकात ड्रेड आला. जॉन वॅग्नर आणि कार्लोस एझक्वेरा हे त्याचे जनक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरलेलं मेगा-सिटी वन हे महानगर, बाहेर अणुयुद्धानंतर उरलेली 'कर्स्ड अर्थ' नावाची ओसाडी, आणि आत लोकशाही बाजूला सारून राज्य करणारे जज. पकडणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा माणूस एकच. केस फाइल्समध्ये या साप्ताहिकातल्या ड्रेडकथा क्रमाने संकलित केल्या आहेत. पाचव्या खंडात २०८ ते २७० हे अंक येतात, म्हणजे १९८१-८२चा काळ. या साप्ताहिकाच्या अंकाला वाचक 'प्रॉग' म्हणतात, इथेही तोच शब्द वापरतो.

पहिला खंड वाईट नाही, पण त्यातलं विश्व रोज बदलतं. सुरुवातीला हे जवळपास भविष्यातलं न्यूयॉर्कच आहे, ड्रेडच्या घरी विनोदाला मोलकरीण आणि बोबडा रोबो आहे, मग ड्रेडच थेट चंद्रावर बदली होऊन जातो. शिकणाऱ्याने तिथून दोनच गोष्टी उचलाव्यात. एक, प्रॉग ३०मधली रिकोची सहा पानं. ड्रेडचा जुळा क्लोन रिको भ्रष्ट निघतो, ड्रेड त्याला पकडतो, टायटन या शनीच्या चंद्रावर २० वर्षं सक्तमजुरी होते आणि २०९९मध्ये तो सूड घ्यायला परततो. म्हणजे अटक २०७९ची. पुढे लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा पाळावा लागला. दुसरी गोष्ट हीच : कॅलेंडर.

या विश्वाचा कणा म्हणजे त्याचा काळ. कथेतलं वर्ष म्हणजे छपाईचं वर्ष अधिक १२२. १९७७ म्हणजे २०९९, १९८२ म्हणजे २१०४. २०२५मध्ये छापलेली कथा २१४७मध्ये घडते. काळ मागे फिरत नाही आणि ड्रेडचं वय थांबत नाही. २०६६मध्ये जन्माला घातलेला हा क्लोन आता ऐंशी ओलांडलेला म्हातारा आहे, कायाकल्पाच्या उपचारांवर उभा. बहुतेक दीर्घजीवी कॉमिक्समध्ये नायक तिशीतच अडकतो आणि मेलेली माणसं दोन वर्षांनी हसत परततात. इथे सहसा तसं होत नाही. म्हणूनच इथे चूक झाली तर ती कायमची छापली जाते, आणि लेखकाला तिच्यासह पुढे जावं लागतं.

आता मूळ पुस्तकाकडे. सुरुवातीच्या पानांवर 'मेगा-रॅकेट्स' नावाची छोट्या कथांची माळ आहे. वाचक ती उडवून थेट युद्धाकडे जातात. लिहिणाऱ्याने उडवू नये, कारण कारागिरी तिथेच सगळ्यात उघडी दिसते. प्रत्येक भागात शहरातला एक बेकायदा धंदा. 'बॉडी शार्क्स' घ्या : सावकार कर्ज देतो आणि तारण म्हणून घरचं माणूस गोठवून ठेवून घेतो, हप्ता चुकला की ते शरीर अवयवांसाठी विकतो. गहाणखताची पद्धत आपल्याला ठाऊकच आहे, फक्त सोन्याच्या जागी बायको आलीय. 'स्टूकी'मध्ये तारुण्य टिकवणाऱ्या औषधासाठी निरुपद्रवी परग्रहवासीयांच्या ग्रंथी काढल्या जातात. 'अम्प्टी बॅगर्स'मध्ये चोरटी विक्री होते ती मिठाईची, का तर ती इतकी चविष्ट की सुटत नाही. या गावात साखर आणि कॉफीवरही बंदी आहे हे लक्षात घेतलं की मिठाईचा काळा बाजार हास्यास्पद वाटत नाही.

यातून पद्धत दिसते ती अशी : आधी कायदा, मग त्याला बगल देणारा धंदा, मग त्या धंद्यात अडकलेला साधा माणूस, आणि सगळ्यात शेवटी ड्रेड. नवशिके नेमकं उलटं करतात. नकाशा काढतात, सेक्टरांना नावं देतात, बंदुकीच्या सहा प्रकारच्या गोळ्यांची यादी करतात, आणि कथेत सहाही वापरतात. एका कथेत एक पुरे. गोळीचा प्रकार बदलला तर त्याने निकाल बदलला पाहिजे, नाहीतर ती दुकानाची दरपत्रिका होते.

प्रॉग २३६ ते २४४ मध्ये 'ब्लॉक मेनिया'. नऊ भागांत चढत जाणारी कथा कशी बांधावी याचा हा वस्तुपाठ. मेगा-सिटीतले लोक हजारोंच्या वस्तीच्या गगनचुंबी ब्लॉकमध्ये राहतात, ब्लॉकना जुन्या नामवंतांची नावं असतात, आणि प्रत्येक ब्लॉकची आपली 'सिटी-डेफ' ही हत्यारबंद नागरी फौज असते. किरकोळ कुरबुरीतून दोन ब्लॉक भिडतात. यात नवल काही नाही, अशा मारामाऱ्या शहराला नेहमीच्याच, त्यामुळे जजांनाही आधी संशय येत नाही. मग तिसरा ब्लॉक, मग दहावा. खरं कारण नंतर कळतं : ऑर्लॉक हा सोव्हिएत हस्तक पाण्यात विष मिसळतोय. कट कुठे लपवला आहे बघा. तो रोजच्या सवयीच्या आड लपवला आहे. रहस्य लपवण्यासाठी शहराच्या दिनक्रमाइतका चांगला पडदा नाही, पण त्यासाठी तो दिनक्रम आधी शे-दोनशे अंकांत वाचकाच्या अंगवळणी पडलेला हवा. याच कथेत जज जायंट हा जुना, लाडका सहकारी ऑर्लॉकच्या गोळीने पाठीत मारला जातो. ना भाषण, ना निरोप. काहींना ते खटकतं. माझ्या मते खंडातला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे.

मग २५ भागांचं 'अपोकॅलिप्स वॉर'. ईस्ट-मेग वन हे सोव्हिएत महानगर अणुहल्ला करतं, शहराचे ८० कोटींतले निम्मे लोक मरतात, दक्षिणेकडचा मोठा भाग कायमचा जातो, आणि शेवटी ड्रेड शत्रूचंच क्षेपणास्त्रतळ ताब्यात घेऊन ५० कोटींचं ईस्ट-मेग वन बेचिराख करतो. लेखन वॅग्नर आणि ॲलन ग्रँट या जोडीचं, 'टी. बी. ग्रोव्हर' या टोपणनावाने. चित्रं सगळी एझक्वेराची, आणि तो फरक लगेच कळतो. 'ब्लॉक मेनिया'त मिक मॅकमहॉन, रॉन स्मिथ, स्टीव्ह डिलन आणि ब्रायन बॉलंड असे चार हात आहेत. चौघेही तयारीचे, पण भागागणिक शहराचा पोत बदलतो. एझक्वेराच्या तुटक, जाड कडेच्या रेषेत पडझड एकसंध राहते.

दोषही आहेत. युद्धाचा मधला भाग रेंगाळतो, कारण दर सहा पानांनी उत्कंठेवर थांबायचं हे साप्ताहिकाचं बंधन एका दमात वाचताना ठोकळेबाज वाटतं. दिवसाला तीन-चार भाग वाचा, बरं पडतं. सोव्हिएत पात्रं व्यंगचित्राच्या पातळीवर राहतात. आणि ५० कोटी माणसं मारल्याचं ओझं हा खंड जवळजवळ उचलतच नाही, शेवटच्या पानांवर ढिगारे उपसणं सुरू होतं आणि नवा चीफ जज निवडला जातो.

पण इथेच कॅलेंडरचा हिशेब चुकता होतो. २०११-१२मध्ये आलेल्या 'डे ऑफ केऑस'मध्ये त्या बेचिराख शहरातले उरलेले लोक सूड घेतात, आणि मेगा-सिटीची लोकसंख्या ४० कोटींवरून ५ कोटींच्या आसपास येते. तीस वर्षं दोन्हीकडे गेलेली : वाचकाची आणि कथेतली. पाचवा खंड वाचल्यावर लगेच ती मालिका वाचा, 'परिणाम' या शब्दाचा अर्थ लेखनात काय होतो ते दिसेल.

या विश्वात लिहायला बसणार असाल तर पहिलं काम वर्ष ठरवण्याचं. २१०४च्या आधी शहर ओसंडून वाहतंय, म्हणून गर्दी, बेकारी, जागेची टंचाई हे विषय. २१०४ ते २१३४ सुमारे ४० कोटी, मधे १९९०च्या 'नेक्रोपोलिस'मध्ये आणखी ६ कोटी गेले. २१३४नंतर रिकामे ब्लॉक आणि अपुरे जज. २१३५मधल्या कथेत तुडुंब भरलेला ब्लॉक दाखवलात तर जाणता वाचक पहिल्याच चौकटीत पुस्तक मिटेल.

मग पानांचा हिशेब. सहा पानं, पानाला पाच-सहा चौकटी, म्हणजे तीस-पस्तीस चौकटी हातात. पहिल्या पानावर गुन्हा किंवा त्याची चाहूल, पुढच्या दोनांत तो माणूस तिथवर का आला, चौथ्यावर ड्रेड, पाचव्यावर गाठ, सहाव्यावर शिक्षा. संवादाच्या एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपलीकडे गेलात की चित्र झाकलं जातं. ड्रेड बदलत नाही, शिरस्त्राण काढून चेहरा दाखवत नाही, समजावून सांगत बसत नाही. बदल हवा तर तो नागरिकात घडवा. ड्रेडलाच हळवा केला की कथा संपते, आणि नव्या लेखकांची ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. जजांना पाचव्या वर्षी अकादमीत घेतात, १५ वर्षं शिकवतात, लग्न-संसार वर्ज्य, आणि उतारवयात 'लाँग वॉक' म्हणजे शहराबाहेरच्या ओसाडीत शेवटची पायपीट. जज पात्राला घरच्या आठवणी देताना हे विसरू नका.

शिव्यांचं तंत्र वेगळं. 'ड्रॉक', 'स्टॉम', देवाऐवजी 'ग्रड' हे शब्द अर्थ न सांगता वापरायचे, पानाला एक-दोन. मराठीत लिहिताना त्यांचं भाषांतर करू नका, विभक्ती मात्र खुशाल लावा. 'अरे ग्रडा!' हे मेगा-सिटीत सहज खपून जाईल.

छपाईबद्दल तक्रार आहे. मूळ अंकांत मधली जोडपानं रंगीत असत, या खंडात ती करड्या छटांत छापली आहेत. काही ठिकाणी तपशील गढूळ होतो आणि जाड बांधणीमुळे जोडपानाचा मध्य शिवणीत जातो. सूची नाही, कालपट नाही. त्यामुळे वही घेऊन वर्ष, लोकसंख्या आणि त्या भागातला नवा कायदा असे तीन रकाने स्वतःच भरा. प्रकाशकाच्या दुकानात कॉपी-संरक्षणाचं कुलूप नसलेली डिजिटल प्रतही मिळते. आपल्याकडे परदेशी छापील प्रतीची वाट पाहण्यापेक्षा ती सोयीची, आणि टॅब्लेट आडवा धरला की जोडपान अखंड दिसतं. दुसरा खंड घेणाऱ्यांसाठी एक सूचना : त्यातल्या 'द कर्स्ड अर्थ'मधून खाद्यपदार्थांच्या ब्रँडची टिंगल करणारे भाग गाळलेले आहेत, ते २०१६च्या वेगळ्या 'अनसेन्सर्ड' आवृत्तीत मिळतात.

राहिला प्रश्न लिहिलेलं पाठवायचं कुठे. या विश्वाचे हक्क २०००पासून रिबेलियन कंपनीकडे आहेत, आणि नवख्यांकडून ड्रेडच्या संहिता घेतल्या जात नाहीत. साप्ताहिकात शिरायची वाट चार पानांच्या सुट्या 'फ्युचर शॉक' कथेतून जाते, तीही प्रवेशिका मागवल्या असतील तेव्हाच. म्हणजे सहा पानांत जे जमवलंत ते आता चारांत बसवायचं, आणि तेही ड्रेडशिवाय.