सीटीओ मागितले, डायरेक्टर आले: ईमेल टूलचे आठ महिने

यादीतल्या लोकांना हुद्द्यानुसार निवडून एकगठ्ठा मेल पाठवायचं हे टूल. टेम्प्लेट, डिलिव्हरी वगैरेवर लिहीत नाही, ते ठीक आहे. भांडण एकाच गोष्टीशी: हुद्द्याच्या रकान्यावरचा 'कन्टेन्स' (म्हणजे 'यात हे आहे का') फिल्टर. तो शब्द बघत नाही, नुसती अक्षरं बघतो. सीटीओ (कंपनीचा तंत्रज्ञान प्रमुख) शोधा, झाडून सगळे डायरेक्टर हजर. त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटातच सी-टी-ओ ओळीने बसलेत. सीओओ (कामकाज प्रमुख) मागा, को-ऑर्डिनेटर येतात. आयटी टाकलं की ऑडिटर, रिक्रूटर, क्वालिटी, सिक्युरिटी अशी वरातच. सर्व्हरच्या ऑफरचा मेल क्वालिटी इन्स्पेक्टरला गेला की तो स्पॅम दाबून मोकळा. जीमेलवर रोज 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना 2024 पासून स्पॅम तक्रारी 0.3 टक्क्याच्या आत ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तीनही जास्तच. सपोर्टचं उत्तर काय, तर 'डिझाइनच तसं आहे'.

इलाज एक्सेलसारख्या शीटमध्ये. यादी एक्सपोर्ट करा, हुद्द्यांचे युनिक प्रकार वेगळे काढा आणि प्रत्येकासमोर हाताने दोन गोष्टी भरा: विभाग (खरेदी, उत्पादन, मेंटेनन्स, आयटी, मालक) आणि पातळी (ठरवणारा, सुचवणारा, वापरणारा). मग व्हीलुकअप (तक्त्यातून जुळणारी नोंद आणणारा फॉर्म्युला) लावून हे मूळ यादीत आणा, फॉर्म्युल्याच्या शेवटी फॉल्स न विसरता. नाहीतर जवळपासचं काहीही उचलतो. वेबसाइटवरून चिकटवलेल्या हुद्द्यांत न दिसणारी स्पेस असते (तिचा कोड कॅर 160), ती जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिम फॉर्म्युल्याने जात नाही. आधी सब्स्टिट्यूट फॉर्म्युल्याने ती काढा. जुळलं नाही ते 'इतर'मध्ये. परत चढवताना फक्त तीन कॉलम, ईमेल आणि हे दोन. मूळ हुद्दा पुसू नका, पुढे तपासायला तोच लागतो. नवीन लोकांसाठी फॉर्मवर ड्रॉपडाउन ठेवा. मोकळा रकाना ठेवलात की 'सिनि. मॅने. (परचेस)' आलंच.

इथवर दोन स्टार नक्की होते. पण कोण कुठल्या लिंकवर क्लिक करतो त्यावरून टॅग (नावावरची खूण) लावायची सोय पाहिली आणि मत बदललं. लहान वर्कशॉपमध्ये कार्डावर 'पार्टनर' असतं आणि खरेदी, मेंटेनन्स, चेकवर सही सगळं तोच बघतो. हुद्दा काय सांगणार? एकाच मेलमध्ये दोन लिंक द्या, दरपत्रक आणि ड्रॉइंग. दरपत्रक उघडणाऱ्याला 'खरेदी' टॅग, ड्रॉइंग उघडणाऱ्याला 'तांत्रिक'. नुसता मेल उघडला म्हणून मात्र टॅग लावू नका. मेलमधलं चित्र लोड झालं की टूल तो उघडला असं धरतं. 2021 पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच ओढून घेतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. आणि मेल पोहोचल्यावर काही सेकंदांत सगळ्या लिंकवर क्लिक पडले, तर तो माणूस नव्हे, कंपनीचा सिक्युरिटी स्कॅनर. ते टॅग काढून टाका.

चौथा स्टार बिलाने खाल्ला. प्रत्येक हुद्द्याची वेगळी लिस्ट केली तर एकच पत्ता दोन लिस्टमध्ये दोनदा मोजतात. म्हणून लिस्ट एकच, बाकी टॅग. अनसबस्क्राइब झालेलेही मोजणीत धरतात, त्यांना अर्काइव्ह केल्याशिवाय आकडा उतरत नाही. बिलाच्या तारखेच्या दोन दिवस आधी रिमाइंडर लावून ठेवा. तीन स्टार.