स्टार्टअप की मोठी कंपनी: इंजिनिअर म्हणून वाढ कुठे होते?

दोन ऑफर हातात आहेत. एक चाळीसेक माणसांच्या स्टार्टअपची, दुसरी हजारो इंजिनिअर असलेल्या, नाव झालेल्या कंपनीची. पगारातला फरक आकड्यांत लिहिलेला असतो, तो लगेच कळतो. घोडं अडतं ते पुढच्या प्रश्नावर: तीन वर्षांनी कुठून बाहेर पडताना आपण जास्त तयार झालेले असू?

यावरची ठरलेली उत्तरं दोनच. स्टार्टअपमध्ये ‘खूप शिकायला मिळतं’ आणि मोठ्या कंपनीत ‘स्थैर्य असतं’. दोन्ही अर्धवट आहेत. मला विचाराल तर बघायची गोष्ट एकच: आपला निर्णय चुकला हे आपल्याला कधी कळतं आणि कोणाकडून कळतं. बाकीचे मुद्दे मी याच कसोटीवर घासून बघणार आहे.

एकच काम, दोन कंपन्या

काम साधं घेऊ. पैसे भरले की ग्राहकाला बिलाची पीडीएफ ईमेलने गेली पाहिजे.

स्टार्टअपमध्ये हे काम सोमवारी सकाळी फाउंडरच्या तोंडून येतं आणि गुरुवारपर्यंत हवं असतं. पीडीएफ कशी बनवायची, ईमेल कोणत्या सेवेतून पाठवायचा, बॅकग्राउंड जॉब, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारं काम, कुठे चालवायचा, सगळं तुम्हीच ठरवता. शुक्रवारी कळतं की निम्मे ईमेल स्पॅममध्ये जातायत. मग एसपीएफ आणि डीकेआयएम या डीएनएसमधल्या (इंटरनेटवरच्या नावांच्या यादीतल्या), ईमेल खरंच आपल्याकडून गेला हे पटवणाऱ्या नोंदी म्हणजे काय, हे तुम्ही दुपारभरात शिकता. पुढच्या आठवड्यात सपोर्टवाली सहकारी येऊन सांगते की एका ग्राहकाला तेच बिल तीनदा गेलं. जॉब अर्ध्यात पडला, पुन्हा चालला आणि आधी काय झालं होतं याची नोंद त्याने कुठेच ठेवली नव्हती.

मोठ्या कंपनीत ईमेल पाठवायची यंत्रणा आधीच तयार असते, ती सांभाळणारी वेगळी टीम असते. तुम्ही डिझाइन डॉक, म्हणजे काम कसं करणार याचा आराखडा, लिहिता. त्यावर कोणीतरी कमेंट टाकतं: ‘हा जॉब दोनदा चालला तर?’ तुम्ही विचारात पडता, प्रत्येक बिलाला एक वेगळी ओळख-की लावता आणि पाठवण्याआधी ती तपासता. मग प्रायव्हसी रिव्ह्यू, भाषांतराच्या टीमची वाट बघणं, फीचर फ्लॅग (नवी सोय चालू-बंद करायचं बटण), आधी १ टक्का ग्राहक, मग ५, मग सगळे. यात दीड-दोन महिने सहज जातात. डीएनएसशी तुमचा संबंधही येत नाही.

धडा तोच: एकच काम दोनदा झालं तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे. एका ठिकाणी तो ग्राहकाकडून, चूक झाल्यावर मिळाला. दुसऱ्या ठिकाणी रिव्ह्यू करणाऱ्याकडून, चूक व्हायच्या आधी. स्टार्टअपच्या बाजूने बोलायचं तर असा अंगावर आलेला धडा विसरत नाही, शिवाय स्पॅम, डीएनएस आणि सपोर्ट या गोष्टी सोबत शिकून झाल्या.

पण तिसरी शक्यताही आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ग्राहकाने तक्रार केलीच नाही तर? तीन ईमेल आले, त्याने दोन पुसून टाकले. कोड तसाच राहिला. तुम्ही हीच पद्धत पुढच्या दहा ठिकाणी वापरली आणि वर्षभराने ‘मला बॅकग्राउंड जॉब येतात’ असं रेझ्युमेत लिहिलं. स्टार्टअपमधला खरा धोका हा आहे. तिथे कामाचा ताण असतो हे सगळे सांगतात. चुकीच्या सवयी कोणी न टोकता पक्क्या होतात हे सांगत नाहीत.

टोकणारं माणूस

म्हणून स्टार्टअपची ऑफर बघताना मी आधी तिथल्या सर्वांत अनुभवी दोन-तीन इंजिनिअरांकडे बघेन, प्रॉडक्टकडे नंतर. त्यांनी मोठी सिस्टिम वाढताना आणि कोसळताना पाहिली असेल तर त्यांच्या शेजारी घालवलेली दोन वर्षं मोठ्या कंपनीतल्या चार वर्षांना भारी पडू शकतात, कारण मध्ये थर नसतात. त्यांचा विचार कसा चालतो हे तुम्हाला रोज दिसतं. पण सगळी टीम दोन वर्षांच्या अनुभवाची आणि त्यातले ‘सीनियर’ तुम्हीच, असं चित्र असेल तर पगार कितीही चांगला असो, ती जागा शिकण्याची नाही.

मोठ्या कंपनीतही टोकणारा मिळतोच असं नाही. रिव्ह्यूत नुसतं ‘एलजीटीएम’ (‘मला ठीक वाटतं’) टाकून पुढे सरकणाऱ्या टीम तिथेही असतात. तरी शक्यता जास्त असते आणि मुख्य म्हणजे तुमच्या मॅनेजरकडे वेळ नसला तरी शेजारच्या टीमकडून शिकता येतं. कंपनीभरचे जुने डिझाइन डॉक उघडून वाचण्याची सोय ही मला मोठ्या कंपनीतली सर्वांत कमी वापरली जाणारी सवलत वाटते.

कोसळतं तेव्हा

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची फाइलींची डिरेक्टरी पुसायची म्हणून मुख्य सर्व्हरवरचीच पुसली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबीच उरले होते. मग बॅकअप शोधायला घेतले, तर रोजचा बॅकअप व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हता आणि तसं सांगणारे ईमेलही पोहोचत नव्हते. वाचवलं ते सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि पुढे सविस्तर अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. त्यात बोट माणसाकडे नव्हतं, बॅकअप कधी तपासलेच न जाण्याकडे होतं.

वाढत्या कंपनीत असं होणं नवल नाही, असं म्हणून सोडून देऊ नका. नाइट कॅपिटल ही तेव्हा अमेरिकी शेअरबाजारातली मोठी, मुरलेली कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला तिथे नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहून गेला. त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. आठही सर्व्हर तपासायला दुसरं माणूस नेमलेलं नव्हतं.

म्हणजे आकार मोठा म्हणून शिस्त असेलच असं नाही. तुमच्या वाढीच्या दृष्टीने महत्त्वाचं ते नंतर काय होतं. दोषारोप टाळून घटनेचा अहवाल लिहायची पद्धत जिथे आहे, तिथे प्रत्येक आउटेज (सेवा बंद पडणं) ही शिकवणी होते, मग कंपनी वीस माणसांची असो की वीस हजारांची. जिथे ‘कोणी केलं?’ हा पहिला प्रश्न असतो, तिथे लोक दुसरंच काहीतरी शिकतात: लॉग कसे लपवायचे.

ऑन-कॉलचं, म्हणजे बिघाड झाल्यास कधीही फोन घ्यायच्या पाळीचं, गणित मात्र सरळ आहे. गूगलने आपल्या एसआरई (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या) टीमसाठी नियम ठेवला की तिकिटं, ऑन-कॉल, हाताने करायची कामं यांत निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये. उरलेला वेळ ती कामं कमी करणाऱ्या इंजिनिअरिंगसाठी. चार इंजिनिअरांच्या स्टार्टअपमध्ये असा नियम कोण पाळणार? दर चौथ्या आठवड्यात पाळी येते आणि पाळी नसतानाही फोन येतो. पहिले सहा महिने यातून प्रॉडक्शनची (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टिमची) नस कळते. दोन वर्षांनीही तेच चालू असेल तर शिकणं केव्हाच संपलेलं असतं, झोप तेवढी जात राहते.

निर्णयासोबत राहणं

हा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो. आज निवडलेलं डेटाबेस स्कीमा (डेटाची मांडणी) दीड वर्षाने, डेटा शंभरपट झाल्यावर कसं वागतं, हे पाहिल्याशिवाय आर्किटेक्चरची समज येत नाही. स्टार्टअपमध्ये निर्णय तुमचा असतो आणि डेटा झपाट्याने वाढला तर उत्तरही लवकर मिळतं. अट एकच: तुम्ही तोपर्यंत तिथे असायला हवं आणि कंपनीही. दर वर्षी स्टार्टअप बदलणारे लोक पाच वर्षांत पाच सिस्टिमची सुरुवात करतात आणि एकीचंही पुढे काय झालं ते त्यांना माहीत नसतं.

मोठ्या कंपनीत उलटी अडचण. सिस्टिम दहा वर्षं जुनी, निर्णय घेणारे केव्हाच गेलेले. तुम्ही दुसऱ्यांच्या निर्णयांचे परिणाम निस्तरता. यातूनही शिकता येतं, पण तीन वर्षांत तुमच्या वाट्याला स्वतःचा मोठा निर्णय एखादाच येतो.

इथे स्टार्टअपवाले हमखास इन्स्टाग्रामचं उदाहरण देतात. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने १०० कोटी डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं तेव्हा तिथे १३ माणसं होती आणि वापरणारे सुमारे ३ कोटी. उदाहरण खरं आहे, पण त्या माणसांनी काय वापरलं ते बघा: जँगो हा वेब फ्रेमवर्क, पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे आधीच तावूनसुलाखून निघालेल्या गोष्टी. तुमच्या संभाव्य स्टार्टअपमध्ये बारा माणसं आणि चाळीस मायक्रोसर्व्हिस (छोट्या स्वतंत्र सेवा) असतील तर तिथे तुम्ही मुख्यतः त्या चाळीस सर्व्हिस सांभाळायला शिकाल.

पदं आणि पैसा

पदांवर जाऊ नका. स्टार्टअपमधला ‘हेड ऑफ इंजिनिअरिंग’ आणि नवीन माणसाचा लॅपटॉप सेट करून देणारा, हे बऱ्याचदा एकच गृहस्थ असतात. पुढे मोठ्या कंपनीत गेलात की पद दोन पायऱ्या खाली येऊ शकतं.

पैशाबद्दल एवढंच, की तो वाढीच्या आड कसा येतो ते समजून घ्या. स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, बहुधा ४ वर्षांत हळूहळू हातात येतात आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच मिळत नाही. ११ व्या महिन्यात सोडलं तर शून्य. मिळालेले ऑप्शनही नोकरी सोडल्यावर ठरावीक मुदतीत, अनेक कंपन्यांत ९० दिवसांत, स्वतःचे पैसे घालून शेअरमध्ये बदलून घ्यावे लागतात, नाहीतर जातात. कंपनी स्वस्तात विकली गेली तर आधी गुंतवणूकदारांचे पैसे वळते होतात, मग उरलं तर तुमचं. शेअरबाजारात नोंद झालेल्या कंपनीचे आरएसयू (थेट मिळणारे शेअर) हातात आले की विकता येतात. म्हणून ऑप्शनची किंमत मनात शून्य धरावी आणि मगच दोन ऑफर शेजारी ठेवाव्यात. नाहीतर शिकणं थांबलेल्या जागी माणूस ‘अजून आठ महिने’ म्हणत बसून राहतो.

स्थैर्याचंही जास्त कौतुक नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजारांहून अधिक आणि जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२ हजार लोक कमी करत असल्याचं जाहीर केलं. स्टार्टअप बंद पडायची शक्यता यापेक्षा जास्तच, पण तिथे खात्यात किती महिन्यांचा पैसा आहे हे निदान विचारता येतं.

माणूस म्हणून

स्टार्टअपमध्ये अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायची, ग्राहकाशी थेट बोलायची आणि फाउंडरला ‘हे गुरुवारपर्यंत होणार नाही’ असं तोंडावर सांगायची सवय लागते. ही शेवटची सवय ज्यांना लागत नाही ते दमून बाहेर पडतात. मोठ्या कंपनीत वेगळं कसब येतं: ज्यांच्यावर आपला कसलाच अधिकार नाही अशा तीन टीमना लेखी मुद्दे मांडून राजी करणं. तरुण इंजिनिअर याला राजकारण म्हणून नाक मुरडतात. काही वेळा ते राजकारण असतंही. पण वरिष्ठ पातळीवर गेल्यावर कामाचा बराच भाग हाच असतो.

मग कोणी कुठे जावं

पहिलीच नोकरी असेल आणि बाकी सगळं सारखं असेल, तर मी मोठी कंपनी निवडायला सांगेन. चांगला कोड कसा दिसतो हे एकदा डोळ्याखालून गेलं पाहिजे. तीन-चार वर्षं झाली असतील, एकाच सर्व्हिसच्या एका कोपऱ्यात काम चालू असेल आणि आपण बनवलेलं कोण वापरतं हे माहीत नसेल, तर स्टार्टअपकडे जायची वेळ झाली आहे. त्यातही तीस ते शंभर माणसांचं, प्रॉडक्ट विकलं जात असलेलं स्टार्टअप मला सर्वांत फायद्याचं वाटतं. दहा माणसांच्या टप्प्यावर पुष्कळ काम फेकून देण्यासाठीच लिहिलं जातं. कोणी घरी आजारी असेल, कर्जाचा हप्ता चुकवून चालणार नसेल, तर या सगळ्या चर्चेत न पडता नियमित पगार बघावा.

मुलाखतीत शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारतात तेव्हा मागचं आउटेज कधी झालं आणि त्यानंतर काय बदललं ते विचारा. बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचा कधी पाहिला ते विचारा. गेल्या वर्षभरात कोणतं फीचर काढून टाकलं, हेही. आणि तिथून सोडून गेलेल्या एखाद्या इंजिनिअरशी बोलायला मिळालं तर त्याला वातावरण कसं होतं हे विचारत बसू नका. पुढच्या नोकरीत पहिल्या सहा महिन्यांत काय नव्याने शिकावं लागलं ते विचारा. टेस्ट लिहिणं, रिव्ह्यू देणं-घेणं अशी उत्तरं आली, तर या गोष्टी तुम्हाला तिथे कोण शिकवणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी होणाऱ्या मॅनेजरकडून नावानिशी ऐकून घ्या.