टीज, मॉक, पेस्टर की हॅरॅस? इंग्रजी अर्जात नेमकं काय लिहावं

नाशिकच्या होस्टेलातली पोरं असोत की सातपूर-अंबडला कामाला जाणारी माणसं, मराठीत गाऱ्हाणं सांगताना शब्द शोधावा लागत नाही. चिडवतात, टर उडवतात, डिवचतात, पिडतात, छळतात. प्रत्येकाचं वजन जिभेला ठाऊक असतं. तीच गोष्ट इंग्रजी अर्जात किंवा मेलमध्ये लिहायची वेळ आली की सगळ्याचं मिळून एकच वाक्य होतं, ‘दे टीज मी’. वाचणारे साहेब म्हणतात, एवढंच ना, गंमत करत असतील. खऱ्या त्रासाची अशी वासलात लागते याचं मला फार वाईट वाटतं, कारण नेमका शब्द वापरला तर ती टाळता येते.

आधी ‘टीज’. हा शब्द मूळचा लोकर पिंजण्याचा, तंतू ओढून सुटे करण्याचा. आजच्या वापरात तो दोन्हीकडे झुकतो. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारायला कचरणाऱ्या मित्राला सगळे मिळून चिडवतात, तेही टीज आणि वर्गातल्या जाड मुलीला रोज चिडवतात, तेही टीजच. ज्याला चिडवलं तोही हसला की नाही, हे शब्दातून कळत नाही. म्हणून मैत्रीतल्या थट्टेसाठी टीज खुशाल वापरा. तक्रारीत मात्र एकटा ठेवू नका. निदान ‘क्रुएली’ किंवा ‘रिपीटेडली’ जोडा.

‘मॉक’मध्ये ही पळवाट नाही. तिथे तुच्छता आहेच. शिवाय वेडावून दाखवणं, नक्कल करून हसणं हे मॉकच्या अर्थातच येतं. बागलाण-कळवणकडून आलेला मुलगा खोलीत अहिराणी वळणाचं मराठी बोलतो आणि बाकीचे त्याच्या बोलण्याची नक्कल करून खिदळतात, तेव्हा ‘दे मॉक माय ॲक्सेंट’ हेच बरोबर वाक्य. इथे टीज लिहिणं म्हणजे त्या पोरांची बाजू आपणच मांडणं. ‘रिडिक्यूल’ याच्याच जवळचा, पण भारदस्त. मीटिंगमध्ये चारचौघांसमोर तुमच्या सूचनेचं हसं केलं, तर तो शोभतो. बोलताना ‘मेक फन ऑफ’ पुरतं. फक्त त्यातलं ‘ऑफ’ सोडून ‘टू’ घालू नका.

‘टॉन्ट’ म्हणजे टोमणा, असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण टोमणा आडून मारतात, भिंतीला बोलून शेजाऱ्याला ऐकवतात. टॉन्ट तोंडावर असतो, समोरच्यानं भडकावं म्हणून. म्हणजे तो डिवचण्याच्या जास्त जवळचा. पदोन्नती हुकलेल्याला रोज ‘काय मग, साहेब कधी होणार?’ असं खोचून विचारणं हा टॉन्ट. सहकारी दुसऱ्याशी बोलल्यासारखं करून तुम्हाला सुनावत असेल, तर ‘स्नाइड रिमार्क्स’ लिहा.

सगळ्यात घातक गफलत पायाशी होते. मराठीत पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. इंग्रजीत ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे फिरकी घेणं, खोटंच काहीतरी सांगून गंमत करणं. ‘माय कलीग्ज ऑलवेज पुल माय लेग’ असं एखाद्यानं एचआरला कळकळीनं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की याचं सगळ्यांशी छान जमतंय. तिथे ‘अंडरमाइन’ हवा.

आता मागे लागण्याचे शब्द. ‘पेस्टर’ म्हणजे पिच्छा पुरवणं, भंडावून सोडणं. त्यात वैताग आहे, भीती नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ घोड्याच्या पायांत अडकण घालणं असा होता. द्राक्षाचा माल गेला, पैसे अडकले आणि बागायतदार निर्यातदाराला पुन्हा मेल करतो, तेव्हा ‘सॉरी टू पेस्टर यू’ हे सौजन्याचं वाक्य चालतं. मला मात्र ते इथे पटत नाही. घामाचे पैसे मागताना माफी कशाला? ‘आय ॲम फॉलोइंग अप ऑन द पेमेंट’ लिहावं. ‘नॅग’ घरगुती कटकटीचा शब्द, ऑफिसच्या पत्रात नकोच.

तगाद्यात धमकी, अपमान किंवा अवेळचे फोन आले की पेस्टर संपतं आणि ‘हॅरॅस’ सुरू होतं. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या परिपत्रकात मनाई केली आहे. रात्री १० ला एजंटाचा फोन येत असेल, तर बँकेला लिहिताना ‘हॅरॅसमेंट’ म्हणा, तारीख-वेळ द्या.

कॉलेजात ‘रॅगिंग’ आणि ‘बुलिइंग’ यांत निवड करायची असेल, तर बेधडक रॅगिंग लिहा. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत टीज करणंही मोडतं. लेखी तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करायची असते. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. परदेशी विद्यापीठाला लिहिताना मात्र बुलिइंग म्हणा. तिकडे रॅगिंगचा हा अर्थ पोचेलच असं नाही, अमेरिकेत त्याला ‘हेझिंग’ म्हणतात.

राहिला ‘ईव्ह-टीझिंग’. हा शब्द कुणीच वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. बाईच्या छळाला तो चिडवाचिडवीच्या पंगतीला बसवतो. ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ असं स्वच्छ लिहा. कामाच्या ठिकाणासाठी २०१३ चा कायदा हेच शब्द वापरतो. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत द्यायची असते.

शब्द कोणताही निवडला, तरी त्रास देणाऱ्यानं काय म्हटलं ते नुसतं भाषांतर करून लिहू नका. त्याचं वाक्य अवतरणात, मराठीत, देवनागरीत, जसं कानावर पडलं तसंच ठेवा. इंग्रजी अर्थ त्याच्याखालच्या ओळीत द्या.