वितरक, सल्लागार की सीएफपी : मराठवाड्यातून या व्यवसायात उतरू पाहणाऱ्यांसाठी

लातूर, परभणी किंवा जालन्यात राहून लोकांच्या पैशांचे नियोजन करून देण्याचा व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या पदवीधराने वितरक, सल्लागार की सीएफपी (सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर), यांतले कोणते प्रमाणपत्र मोठे, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. आपले उत्पन्न म्युच्युअल फंड कंपनीकडून येणार की समोर बसलेल्या ग्राहकाकडून, हे आधी ठरवले की निम्मी निवड तिथेच होते.

म्युच्युअल फंड वितरक होण्याची वाट सर्वांत सोपी आहे. एनआयएसएम या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ‘सिरीज पाच-अ’ ही परीक्षा ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि त्यानंतर ‘अ‍ॅम्फी’ या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक मिळतो. ग्राहकाची रक्कम गुंतलेली असेपर्यंत फंड कंपनी वितरकाला कमिशन देत राहते. मात्र वितरकाला स्वतःला सल्लागार म्हणवून घेता येत नाही, जरी आपल्याकडच्या पाट्यांवर तो शब्द सर्रास दिसत असला तरी.

सेबी या भांडवल बाजाराच्या नियामकाकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार होण्यासाठी पदवी आणि एनआयएसएमच्या ‘दहा-अ’ व ‘दहा-ब’ या दोन परीक्षा लागतात. पूर्वी पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव या अटींमुळे ही वाट नवख्यांना जवळपास बंदच होती. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने त्या अटी गेल्या आणि नक्त मालमत्तेच्या (देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या) अटीऐवजी बँकेतील ठेव आली, जी १५० ग्राहकांपर्यंत १ लाख रुपये आहे. वैयक्तिक सल्लागाराला फंड वितरण मात्र करता येत नाही, त्यामुळे दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची सोय नाही.

खरा फरक व्यवहारात कळतो. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याने मोबदल्यातले १ कोटी रुपये गुंतवले आणि कमिशन वर्षाला पाऊण टक्का धरले, तर वितरकाला ७५ हजार रुपये मिळतात. ते फंडाच्या खर्चातून जात असल्याने शेतकऱ्याला खिशातून काही द्यावे लागत नाही आणि म्हणून ते त्याच्या नजरेतही येत नाहीत. त्याच शेतकऱ्याकडे सल्लागाराने १५ हजारांची फी मागितली, तर ‘नुसतं सांगायचे इतके?’ हे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. हिशेबाने स्वस्त असलेली सेवा विकायला अवघड जाते, ती अशी.

सीएफपी हा परवाना नव्हे. एफपीएसबी या संस्थेचे हे प्रमाणपत्र शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि आचारसंहिता या चारही कसोट्यांनंतर मिळते. निवृत्ती, कर, विमा आणि वारसा यांची एकत्र मांडणी त्यातून चांगली शिकता येते. तरीही फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी वेगळी घ्यावीच लागते.

ज्याला घर चालवण्यासाठी पहिल्यापासून कमाई लागते, त्याने तालुक्याच्या गावी एआरएनपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. छत्रपती संभाजीनगरात डॉक्टर, उद्योजक किंवा पगारदार वर्गात ओळख असलेल्याने, आणि वर्ष-दोन वर्षे कमी कमाईवर काढता येणाऱ्याने, थेट सल्लागाराची वाट धरावी, कारण कमिशन जमल्यावर ते सोडून फीकडे वळणे फार जड जाते. सीएफपीचा अभ्यास दोघांनीही काम सांभाळून करावा. दहा-अ आणि दहा-ब या परीक्षा मात्र नोंदणीचा अर्ज करण्याच्या बेतात असतानाच द्याव्यात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांचीच असते.